बागवान मॅडमची मेथी

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत कायम चहाचे कागदी कप मांडलेले असायचे. नवा माणूस आला की त्याला वाटायचं, इथले लोक चहा पिऊन कप टाकण्याचेही कष्ट घेत नाहीत. जवळ गेल्यावर दिसायचं की प्रत्येक कपात खत आहे, खतात मेथी उगवलेली आहे आणि कपावर पेन्सिलीने नमुन्याचा नंबर लिहिलेला आहे. हा सगळा उद्योग बागवान मॅडमचा. सेंद्रिय खताच्या ज्या तपासण्या कागदावर ठरलेल्या होत्या, त्या आम्ही सगळे करत असू. मेथीची तपासणी कुणी ठरवलेली नव्हती आणि तिचे पैसेही कुणी देत नव्हतं. खत कच्चं असेल तर मेथी उगवत नाही, उगवली तरी पिवळी पडते, एवढं त्यांना बघायचं असे. "यंत्राला जे विचारलं तेवढंच ते सांगतं," त्या म्हणायच्या, "मेथी न विचारलेलंही सांगते."

कोथरूडमध्ये एका बँकेच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे क्लास चालत. शेतकरी, नर्सरीवाले, खत बनवणारे, गच्चीवर वांगी लावून स्वतःला शेतकरी म्हणवणारे, असे सगळे आमच्याकडे माती आणि खत तपासून घ्यायला येत. शमीम बागवान या तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञ. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं घर, वडिलांचा मंडईत फळांचा गाळा. वडील पेरू हातात घेऊन तो कुठल्या गावचा हे छातीठोकपणे सांगायचे आणि बरेचदा चुकायचे. "ते चुकायचे म्हणून मी केमिस्ट्री घेतली," असं मॅडम सांगत. सांगताना चेहरा इतका गंभीर असे की ऐकणाऱ्याला हसावं की नाही हे कळत नसे.

मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर चमचाभर ओली माती ठेवली आणि म्हणाल्या, "सांगा."

मी नीट पाहिलं, बोटांनी चुरडलं आणि म्हणालो, "माती आहे."

"हे बाहेरचा रिक्षावालाही सांगेल, साने. वळी करा तिची."

मी दोन्ही तळव्यांत माती वळायला लागलो. वळी तुटली. पुन्हा केली, पुन्हा तुटली. चिकणमाती कमी असली की वळी धरत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, म्हणून मी अभिमानाने तसं सांगितलं. मॅडमनी तीच माती माझ्या हातातून घेतली आणि तिची सुतळीएवढी बारीक, लांब वळी करून टेबलावर ठेवली. "माती तुटते की तुम्हाला वळता येत नाही, ते उद्या बघू," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच बघितलं. मला वळता येत नव्हतं.

"दोनदा आलं तरच आलं" हे त्यांचं पालुपद. प्रत्येक नमुना त्या दोनदा करायला लावत आणि दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. पण हा नियम प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नसे. कोपऱ्यावर नवं हॉटेल निघालं, आम्ही सगळ्यांनी इडलीची तारीफ केली, तर मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्यांदा चांगली लागली की सांगा." मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले दुसरा पगार झाल्यावर. त्यांच्या लग्नाच्या वेळी या नियमाचं काय झालं असेल, हे विचारायची माझी फार इच्छा होती. हिंमत मात्र झाली नाही.

नमुना घेऊन आलेल्या माणसाची त्या उलटतपासणी घेत. माती कुठून घेतली, कशाने खणली, कशात भरली, वाळवली कुठे. लोक वैतागत. एकदा मुळशीकडे वीकेंडचं शेत घेतलेला एक आयटीतला मुलगा आला होता. त्याच्या मातीत पालाश, म्हणजे पोटॅश, भरमसाट निघालं आणि सामूही, म्हणजे पीएच, इतका चढा की मॅडमनी नमुना परत करायला लावला. तोच आकडा पुन्हा आला, तेव्हा त्यांनी मुलाला बोलावून घेतलं.

"माती शेतात नक्की कुठून घेतलीत?"

"मॅम, सेंटरमधून. मस्त सॉफ्ट जागा होती, खणायला इझी."

"त्या मस्त जागेवर तुम्ही शेकोटी करता का?"

तो थक्क झाला. "बार्बेक्यू करतो. पण हे रिपोर्टमध्ये दिसतं?"

"राख दिसते. पाहुणे किती येतात तेवढं दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "आता सगळ्या शेतातून थोडी थोडी माती घ्या. जिथे खणायला त्रास होतो तिथूनही." तो गेल्यावर बराच वेळ त्या स्वतःशीच खूश होत्या. चूक सापडल्याचा आनंद त्यांना होत असेच, पण त्याहून जास्त आनंद ती कशी झाली हे कळल्याचा होत असे.

दुसरा प्रसंग एका खतवाल्याचा. गांडूळखत म्हणून त्याने आणलेल्या नमुन्यात नत्र एवढं निघालं की शेणापासून ते येणं शक्यच नव्हतं. म्हणजे युरिया मिसळलेला. मॅडमनी त्याला समोर बसवून अत्यंत आदराने विचारलं, "आपल्या गाईंना आपण काय खायला घालता?"

"चारा, मॅडम. हिरवा, सुका."

"मग त्या गाई कुठे आहेत तेवढं सांगा. त्यांचा सत्कार करायला हवा."

माणूस उठून गेला. पण तो नेहमीचा, दर हंगामाला ढीगभर नमुने आणणारा. आमचे संचालक परांजपे सर केबिनमधून बाहेर आले. स्वभावाने वाईट नव्हते, फक्त प्रयोगशाळा चालवण्याची काळजी त्यांच्या एकट्याच्या डोक्याला होती. ते म्हणाले, "बागवान मॅडम, एकदा मला सांगा, तुम्ही नक्की कुणाकडच्या आहात?" त्या खिडकीशी गेल्या आणि त्याच खतवाल्याच्या कपातली करपलेली मेथी बघत उभ्या राहिल्या.

मॅडमना निवृत्त व्हायला थोडे महिने उरले होते तेव्हा कदम आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात स्टीलचा डबा. डब्यात खत.

"डबा कशाचा?" मॅडमनी विचारलं.

"जेवणाचा. कामावर न्यायचो."

"धुतलाय?"

"खत घालायच्या आधी धुतलाय. आता काय परत जेवण न्यायचं नाहीये."

मॅडमना बरोबरीचा माणूस भेटला होता. त्यांनी कदमांना चहा दिला, आणि हा मान आमच्याकडे फार थोड्यांना मिळे. कदम खडकीचे, दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बायकोला पूजेच्या फुलांचा फार शौक. ती गेल्यावर घरात फुलं येईनाशी झाली, आणि मग रस्त्याने जाताना पुलाच्या कठड्यावर, कचऱ्याच्या डब्याशी पिशव्यांत भरून टाकलेली देवाची फुलंच त्यांना दिसायला लागली. म्हणून ते पेठांतल्या देवळांतून रोज निर्माल्य गोळा करून पोत्यात भरत, खडकीला नेत आणि त्याचं खत करत. गच्चीवर त्या खतात भाजी होती. त्यांची नात विकतची पालक ताटात बाजूला सारते आणि गच्चीवरची तेवढी खाते, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं. आता कोथरूडमधली एक मोठी सोसायटी सगळ्या गच्च्यांवर भाजीसाठी त्यांचं खत घ्यायला तयार होती. सोसायटीला फक्त रिपोर्ट हवा होता.

खत सुंदर होतं. काळंभोर, मोकळं, हातात घेतल्यावर गार लागणारं. मेथी अशी तरारून आली की मॅडमनी तो कप सगळ्यांना दाखवला. मग जड धातूंच्या यंत्राचा आकडा आला. खतात शिसं होतं, चालेल त्याच्या कितीतरी वर.

मॅडमनी दोनदा केलं. मग तिसऱ्यांदा, मला बाजूला करून स्वतःच्या हाताने. आकडा तोच. त्या खिडकीशी उभ्या राहून त्या हिरव्यागार कपाकडे बघत म्हणाल्या, "मेथी फसली, साने." आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं, पण डोळे चमकत होते. इतकी वर्षं जिच्यावर भरवसा ठेवला तिला दिसलं नाही असं काहीतरी या कपात आहे, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देणार नव्हती.

कदमांना त्यांनी स्वतः सांगितलं.

"शिसं म्हणजे काय ते मला माहितीय, मॅडम," ते म्हणाले. "अख्खी नोकरी त्याच्याजवळ काढली. हात धुतल्याशिवाय कधी घरी गेलो नाही. आता फुलांच्या मागे लागलो, तर तिथेही तेच?" आणि मग अगदी हळू, "नात खाते हो ती पालक."

"गच्चीवरची भाजी आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "नातीला डॉक्टरांकडे न्या आणि रक्तात शिसं बघायला सांगा. खत कुणाला द्यायचं नाही आणि फेकायचंही नाही. मला लागणार आहे."

परांजपे सरांचं म्हणणं, रिपोर्ट दिला, आपलं काम संपलं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण मॅडम म्हणाल्या, "नापास का झालं ते कळलं नाही, तर हा माणूस पुढचं खत करणार कसं?" आणि पुढच्या रविवारी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून खडकीला निघाल्या. वाटभर माझ्या गाडी चालवण्याबद्दल त्यांनी जी मतं दिली ती इथे लिहीत नाही.

त्यांचा पहिला संशय पिंपांवर. कदम जुन्या बाजारातून आणलेल्या पत्र्याच्या पिंपांत खत करत आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. मॅडमनी पिंपांचा रंग खरवडून घेतला, नळाचं पाणी घेतलं, गच्चीवरची धूळ घेतली, आणि कदमांच्या सुनेने पुढे केलेले पोहे घ्यायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धुतले. सगळे नमुने निर्दोष निघाले. त्याच आठवड्यात नातीच्या रक्ताचा रिपोर्ट आला, तोही चांगला. कदमांचा फोन ठेवल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. त्यांना कामाच्या वेळी बसलेलं मी फार क्वचित पाहिलं आहे.

"म्हणजे शिसं पोत्यातूनच येतंय," त्या म्हणाल्या. "फुलांबरोबर."

कदम एका फेरीत सगळ्या देवळांचं निर्माल्य एकाच पोत्यात भरत. मॅडमनी त्यांना सांगितलं की आठवडाभर रोजची पिशवी वेगळी ठेवा आणि तिच्यावर वार लिहा. सोमवार, मंगळवार अशा पिशव्या टेबलावर ओळीने लागल्या. झेंडू, दूर्वा, तुळस, बेल, सगळं वाळवून, जाळून, आम्ही तपासलं. इतर वारांना शिसं अगदी नावापुरतं. शनिवारच्या पिशवीला आकडा एकदम वर उडाला.

शनिवार म्हणजे काय, हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मॅडमनी शनिवारच्या पिशवीत उरलेली रुईच्या पानांची एक माळ चिमट्याने उचलली. पानांना केशरी, तेलकट थर लागलेला होता. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासून करतात, हे आम्ही दोघंही कॉलेजात शिकलो होतो आणि दोघांनाही इतके दिवस आठवलं नव्हतं. "साने," त्या म्हणाल्या, "आपण पिंपं खरवडत बसलो."

परांजपे सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही. "हे तुम्ही सांगू नका," ते म्हणाले. "साने सांगतील. तुम्हाला कळतंय मी का म्हणतोय ते." मॅडमना कळत होतं. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला, अगदी क्षणभर. मग त्या म्हणाल्या, "माझ्या नावाने आकडा बदलत नाही, सर. बोलायचं कसं, ते मी ठरवते."

त्यांनी कदमांना निरोप दिला की येताना स्वतः दुकानातून शेंदराची पुडी घेऊन या. कदम आले. मॅडमनी पुडी त्यांच्याच हाताने उघडायला लावली, चिमूटभर शेंदूर परीक्षानळीत टाकायला लावला. त्यावर ॲसिड घालून त्यांनी नळी गरम केली, तेव्हा केशरी रंग जाऊन तपकिरी गाळ खाली बसला. वरचं पाणी गाळून घेतलं. ते साध्या पाण्यासारखं दिसत होतं. मग एका बाटलीतले दोन थेंब त्यात टाकले, आणि नळीत एकदम पिवळाधमक रंग उतरला, देव्हाऱ्यापुढच्या हळदीसारखा.

"हे शिसं," मॅडम म्हणाल्या.

कदम नळीकडे बघत राहिले. "आणि मी हे माझ्या हाताने घरी नेलं," ते म्हणाले.

"तुम्ही फुलं नेलीत. मारुतीच्या अंगावर शेंदूर राहू दे, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पालकात त्याचं काम नाही, एवढंच."

"मग आता देवळात काय सांगू?"

"रुईच्या माळा वेगळ्या ठेवा म्हणावं गुरुजींना. बाकीच्या फुलांचं खत बिनधास्त करा."

"ताई, तुम्ही चला ना बरोबर."

"मी आले तर ते शिशाचं ऐकणार नाहीत, माझं नाव ऐकतील," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जा. ही नळी न्या हवी तर. बूच काढू नका."

ज्या मारुतीच्या देवळातून या माळा येत ते नारायण पेठेत, माझ्या घराच्या समोरच्या बाजूला. त्यामुळे गुरुजींचं उत्तर मी स्वतः ऐकलं. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "माळा वेगळ्या ठेवायला माझी हरकत नाही. लोक ठेवतील का, ते मारुतीला विचारा." देवळाबाहेर दोन टोपल्या आल्या. उजवी फुलांची, डावी शेंदूर लागलेल्या माळांची. वर पाटी लावली. पण पुण्यात पाटी लोक वाचतात ती तिच्यातल्या चुका काढायला. पहिल्या शनिवारी दोन्ही टोपल्यांत सगळंच होतं. डाव्या टोपलीतल्या माळांचं पुढे काय करायचं, हाही प्रश्न होताच. मॅडम म्हणाल्या, तो दुसरा प्रश्न आहे, पण आहे.

मग त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात परांजपे सर मनापासून चांगलं बोलले. मॅडमनी आभार मानले आणि जाताना खिडकीतल्या कपांना पाणी घालायची आठवण केली. कदमांनी नवी पिंपं भरली होती. खत व्हायला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा रिपोर्ट माझ्या वाट्याला आला. सोसायटी अजून थांबली होती. कदमांच्या गच्चीवरच्या कुंड्या रिकाम्याच होत्या.

तो आकडा एका शुक्रवारी आला. मी दोनदा केलं. खत पास होतं. कदमांना मी फोन केला नाही, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि ते देवळाशी येणार हे मला माहीत होतं.

सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर देवळासमोरच्या कठड्यापाशी, टोपल्यांपासून दोन हातांवर बागवान मॅडम उभ्या होत्या. पायात चपला, खांद्याला पर्स, हातात काठीसारखी धरलेली छत्री. मला पाहून त्यांना जराही संकोच वाटला नाही. कदमांचे गुडघे दुखतात, त्यांना फेरी आणि पहारा दोन्ही जमत नाही, म्हणून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी त्या कोथरूडहून बसने येत होत्या. माझ्या घरासमोर. मी शनिवारी उशिरा उठतो, त्यामुळे मला पत्ता नव्हता.

"खत पास झालं, मॅडम," मी म्हणालो.

"दोनदा?"

"दोनदा. मेथीही चांगली आलीय."

"मेथीचं सोडा. ती मागेही आली होती."

तेवढ्यात कदम पोतं घेऊन देवळाच्या बाजूने आले. मी तोंड उघडणार, तर मॅडमनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः म्हणाल्या, "कदम, नातीसाठी पालक लावा." कदमांनी पोतं खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पोत्याचं तोंड पुन्हा बांधायला लागले, जे आधीच बांधलेलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात मॅडम मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेल्या, म्हणून त्यांची माझ्याकडे असलेली शेवटची आठवण त्या सकाळचीच आहे. मी दूध घेऊन परत निघालो होतो. देवळातून एक बाई बाहेर आल्या, हातात देवाच्या अंगावरून उतरवलेली रुईची माळ. ती त्या उजव्या टोपलीत टाकणार, तोच मॅडमची छत्री पुढे आली.

"अहो, ती तिकडे नाही. डावीकडे."

बाईंनी त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण? देवळाकडच्या का?"

"नाही," बागवान मॅडम म्हणाल्या. "मी मातीकडची."

बाईंनी जरा विचार केला आणि माळ डाव्या टोपलीत टाकली.